पान दोनशे बारा

नानांना खुर्ची सोसायची नाही. भोरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. दुकानात खुर्च्या दोन, पण त्या आमच्यासारख्या गिऱ्हाइकांसाठी. कॉम्प्युटर त्यांनी छातीएवढ्या उंच फळीवर मांडला होता आणि दिवसभर ते उभ्यानंच काम करत. एखादी ओळ खटकली की फळी सोडून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येत आणि तीच ओळ पुन्हा वाचत. "बसलं की डोकंबी बसतं," असं म्हणायचे.

लग्नपत्रिका, अर्ज, प्रतिज्ञापत्रं असं सगळंच ते करत. पण भोर-वेल्ह्यातले प्रबंध लिहिणारे त्यांच्याकडे यायचे ते शेवटच्या संदर्भसूचीसाठी. आयुष्यभर टाइपरायटर बडवलेल्या या माणसानं साठीला टेकल्यावर कॉम्प्युटरवर सूची करायला शिकून घेतलं होतं. इतर दुकानांत हातातला कागद बघून यादी टाइप करून देत. नानांना ते मान्य नव्हतं. प्रत्येक पुस्तकासाठी ते वेगळी चौकट उघडत, लेखक, नाव, वर्ष, प्रकाशक असे रकाने भरत आणि मजकुरात जिथं त्या पुस्तकाचा आधार घेतला असेल तिथं ती नोंद जोडत. शेवटी एक कळ दाबली की सगळी सूची अकारविल्हे उभी राहायची. "यादी आपण करायची नसती," ते म्हणत. "नोंदी खऱ्या ठिवायच्या. यादी तिची ती येती."

रकाने भरायचे तर पुस्तक समोर हवं, ही त्यांची अट. ते नसेल तर निदान पहिल्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो. दुसऱ्याच्या प्रबंधातून उतरवलेल्या संदर्भांना ते 'उष्टे' म्हणत. एकदा एकजण शंभर नावांचा कागद घेऊन आला.

"एवढी वाचलीस व्हय रं?"

"सर म्हणाले, शंभर तरी दिसली पाहिजेत."

"लग्नाची पंगत हाय का, पानं मोजायला? किती ताटांत जेवलास ते सांग."

तो गेला आणि चार दिवसांनी बारा पुस्तकं पिशवीत घालून परत आला.

माझा प्रबंध वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांवर शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या कुटुंबांवर होता. तिसरं प्रकरण एकाच विधानावर उभं होतं: ही कुटुंबं पावसाळ्यात जनावरं घेऊन खाली उतरतात. त्याला आधार एका जुन्या अहवालाचा, पान दोनशे बारा. तो अहवाल मी पाहिला नव्हता. कुणाच्या तरी प्रबंधातून पानासकट उचलला होता. नानांनी विचारलं तेव्हा "पुण्याच्या ग्रंथालयात वाचला, फोटो काढायचा राहिला," असं सांगून मोकळी झाले. प्रबंध सादर करायला चार दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले तर नाना दारातच येरझाऱ्या घालत होते.

"बाई, काल पुण्याला गेलतो. तुमचा अहवाल बघितला. एकशे ऐंशी पानांत संपतोय."

"पानाचा आकडा चुकला असेल, नाना."

"म्हणून म्या सगळा चाळला. पावसाळ्याचं त्यात अवाक्षर न्हाई." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाडीवर कुणाला विचारलंत का?"

वाडीवर मी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा उन्हाळ्यात. हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. छापील आधार असताना विचारायची गरज वाटली नव्हती.

"मग जाऊन या की. मुलाखतीची नोंदबी हितं करता येती, तिची चौकट येगळी हाय. माणूस सांगतोय तर माणसाचं नाव लावू. न्हाईतर ते प्रकरण मोडून परत लिवा."

"परवा शेवटची तारीख आहे. आता कसं मोडू?"

"तारीख मागून मिळती, बाई."

"तुमचं काय जातंय सांगायला!" माझा आवाज चढला.

नानांनी पेनड्राइव्ह काढून माझ्या हातावर ठेवला. तो घेऊन मी दुसऱ्या दुकानात गेले. तिथं कुणी काही विचारलं नाही.

पदवी मिळाली. परीक्षकांनी सूचीचं खास कौतुक केलं. पेढे घेऊन गेले तेव्हा नानांनी एक पेढा उभ्यानंच खाल्ला, "ब्येस झालं, बाई," म्हणाले आणि फळीकडे वळले. कधीतरी टोचून बोलतील म्हणून पुढं कितीतरी दिवस त्या गल्लीतून जाताना मी पाऊल उचलून चालायचे. ते कधीच बोलले नाहीत.

गेल्या वर्षी नाना गेले. दहाव्याला मी नदीवर सगळ्यांच्या मागं उभी होते. त्यांचा मुलगा ओळखून जवळ आला. "नाना तुमची लई आठवण काढायचे. बाई रागावल्यात, पण येतील, म्हणायचे." मी कशासाठी यायची होते, ते त्याला ठाऊक नव्हतं.

या आठवड्यात आंबवड्याची एक विद्यार्थिनी आपली सूची दाखवायला घरी आली. ती एम.ए.ला आहे, त्याच वाड्यांवर लिहितेय. दोन पानांची नीटनेटकी यादी. अकराव्या ओळीवर तो अहवाल. पान दोनशे बारा.

"हा कुठं मिळाला तुला?"

"तुमच्याच प्रबंधात, मॅडम." तिला वाटलं, मला बरं वाटेल.

"त्यात ते पान नाही."

"फाटलंय का?"

"नव्हतंच. मी न बघता लिहिलं."

हे वाक्य मी नानांसमोर बोलू शकले असते. दुकान माझ्या घरापासून दहा मिनिटांवर होतं, आणि वर्षं हातात होती.

"मग मी आता तिथं काय लिहू?" तिनं विचारलं.

विद्यापीठाला पाठवायचं पत्र लिहायला घेतलं आहे; पण चूक सांगून झाल्यावर, खरं काय, या ओळीशी ते अडलं आहे. उद्या सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी वेल्ह्याला निघतोय, तिथून पुढं चढण. वाडीवर एक म्हातारबाबा होते. दोन्ही वेळा त्यांनी मला दूध पाजलं होतं आणि किती वेळ शेजारी बसून राहिले होते. ते अजून असतील की नाही, हे खाली कुणालाच सांगता आलं नाही.