आबांचा लॅपटॉप झोपतो

"आगं, ह्यो परत झोपला," वडील फोनवर म्हणाले.

मी साताऱ्यात ऑफिसात होते. ह्यो म्हणजे लॅपटॉप. गेले काही दिवस रोज हेच चाललं होतं.

"बटण दाबलंत का?"

"दाबलं की. जागा हुतोय, जरा उजेड पाडतोय आन् लगेच डोळं मिटतोय. कडंचा दिवा तेवढा लुकलुकतोय."

माझे वडील, आबा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यापासून रहिमतपूरच्या घरी एकटेच असतात, मी सुट्टीच्या दिवशी जाते. लॅपटॉप माझाच जुना. तो मी त्यांना दिला तो बुद्धिबळासाठी. त्यांच्या पलटणीतले एक मित्र सांगलीत राहतात. नोकरीत असताना दोघं जिथं जातील तिथं पट मांडून बसायचे. मागं त्या मित्रांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. आबा फोन करायचे, इकडचं तिकडचं बोलायचे, आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. शेवटी मित्रांच्या सुनेनं आणि मी मिळून दोघांना इंटरनेटवर बुद्धिबळ खेळायला शिकवलं. मित्र डाव्या हातानं खेळू लागले. दिवसभरात एक चाल यांनी करायची, एक त्यांनी. चाल बघून आबा मला सांगायचे, "आज गडी खुशीत हाय," नाहीतर, "आज काय त्याची झोप झाल्याली न्हाई."

आणि आता लॅपटॉपच झोपायला लागला होता.

मी फोनवरून जमेल ते सांगत गेले. चार्जर काढा. बटण दाबून धरा, दिवा विझेपर्यंत सोडू नका. आता चार्जर लावा, परत चालू करा. तो चालू व्हायचा. आबा खूश व्हायचे, फोन ठेवायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा फोन. रविवारी जाऊन मी सेटिंगमध्ये शिरले आणि कधीच झोपू नकोस असं त्याला सांगून ठेवलं. माझ्यासमोर तो तासभर छान जागा राहिला. मी गाणी लावली, फोटो बघितले, ऑफिसचं थोडं कामही केलं. मी साताऱ्याला पोचायच्या आत आबांचा फोन आला होता.

मग तो साताऱ्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात ठेवला. दुकानदारानं सगळं पुसून नव्यानं भरून दिलं, वर म्हणाला, "मॅडम, इथं एकदाही बंद पडला नाही. घरी नक्की काय करता?"

घरी काय करतात हेच तर मला कळत नव्हतं. आबा काहीतरी भलतंच दाबतात आणि विसरतात, असं मला वाटू लागलं. त्या हिवाळ्यात त्यांचे गुडघे फार दुखत होते, चालणं कमी झालं होतं. आत्यानं दिलेलं कसलंसं दुखण्यावरचं कडं डाव्या मनगटात घालून ते दिवसभर खुर्चीत बसून असायचे. एकदा गॅसवर दूध ठेवून विसरले होते. मी त्यांना उगाच काहीबाही विचारू लागले. काल जेवायला काय केलं होतं? वीजबिल भरायला कोण गेलं होतं? आबांच्या ते लक्षात आलं असावं. एकदा म्हणाले, "माझी परीक्षा घ्यायला आलीयास व्हय?" मी हसून वेळ मारून नेली.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, आबा, तुम्ही खेळा, मी नुसती बघते. त्यांनी डावा हात लॅपटॉपवर टेकवला, उजव्या हातात माउस धरला. उंट हलवायचा होता. बोट माउसवरून कुठंही हललं नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघत होते. आणि पडदा काळा झाला.

"बगितलंस?" आबा म्हणाले. "मी काय केलं सांग."

"काहीच नाही केलंत."

त्यांनी बटण दाबलं. पडदा उजळला, पासवर्ड विचारला आणि पुन्हा काळा. मी लॅपटॉप माझ्याकडं ओढून बटण दाबलं, तर लगेच सुरू. आबांकडं सरकवला, झोपला. माझं डोकं चालेना. आबांच्या डोक्यात बिघाड नाही म्हणून बरं वाटत होतं, पण मग हे काय होतं?

आबा हात मांडीवर घेऊन बसले. "त्येला माजा हातच चालत न्हाई," ते अगदी हळू म्हणाले. "ऱ्हाऊ दे. ने तू परत."

त्या गोंधळात एक दिवस चाल करायची राहून गेली आणि नियमाप्रमाणे डाव मित्रांच्या नावावर लागला. संध्याकाळी त्यांनी डाव्या हातानं जुळवलेला एकच शब्द आबांच्या मोबाइलवर आला, "पळालास."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टीची घरी गेले, आबांनी तो मला दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "आयुष्यात मला कुणी असं म्हणालं न्हाई," ते म्हणाले. "चल, सांगलीला जायाचं. ह्ये धूड बी घे संगं. त्येला दावतो, कसं झोपतंय ते."

रहिमतपूर स्टेशनवरून आम्ही गाडी पकडली. आबा खिडकीशी बसले, लॅपटॉपची पिशवी मांडीवर धरून. कराड मागं पडल्यावर म्हणाले, "त्यो बोलू शकत न्हाई म्हटल्यावर मी काय काय बोलायचं? ह्येच न्हाई कळत."

मित्र खुर्चीत उशांच्या आधारानं बसले होते. आबांना बघितल्यावर त्यांनी तोंड फिरवलं. सून ओशाळली, म्हणाली, "ताई, कालपासून असंच चाललंय. जेवले पण नाहीत नीट." तिनं भडंगाच्या बशा पुढं ठेवल्या. आबांनी लॅपटॉप काढला, टेबलावर ठेवला, हात टेकवून माउस धरला. तो झोपला. "बग," आबा म्हणाले, "बग की, काय करू मी?" मित्रांनी बघितलं, पण त्यांचा विश्वास बसला नसावा. त्यांनी डाव्या हातानं सुनेला कपाटाकडं खूण केली.

तिनं एक छोटा घडीचा पट काढून आणला. प्रवासातला, लोखंडी पत्र्याचा, सोंगट्यांच्या बुडाला चुंबक असलेला. मोहरे मांडले गेले. आबांनी पटावरून डावा हात पलीकडं नेला, मित्रांच्या पायावरची शाल नीट करायला. हात मागं आला तो घोडा घेऊन. घोडा मनगटाला चिकटला होता, आडवा.

मित्रांच्या तोंडून मोठा आवाज आला. आधी मला काय झालं तेच कळेना, मग कळलं की ते हसतायत. आबांनी घोडा काढून जागेवर ठेवला, तर एक प्यादं येऊन चिकटलं. आता आबाही हसू लागले.

मी मात्र कड्याकडं बघत राहिले. "आबा, ते जरा काढून द्या," मी म्हटलं.

कडं मी लॅपटॉपवर ठेवलं, जिथं त्यांचा हात टेकायचा तिथं. पडदा काळा. उचललं, बटण दाबलं, पासवर्ड टाकला, तो जागाच राहिला. ठेवलं, काळा. सुनेनं करून बघितलं. तिच्याही हातून तेच.

"मंजी?" आबांनी विचारलं.

मी मोबाइलवर शोधलं. झाकणात बारीकसं चुंबक असतं, ते जवळ आलं की लॅपटॉपला झाकण मिटल्याचं कळतं, असं काहीतरी लिहिलं होतं. "तुमच्या कड्यातही चुंबक आहे. ते जवळ आलं की त्याला वाटतं, झाकण लावलं."

"पण झाकान तर उघडं हुतं. त्येला दिसत न्हाई व्हय?"

मित्र आबांच्या मोकळ्या मनगटावर डाव्या हातानं थोपटत राहिले, बराच वेळ. मग पटाकडं बोट केलं. दोघं जे बसले ते आमची परतीची गाडी निघून गेली तरी उठले नाहीत. आम्ही एसटीनं आलो.

आता आबा ते कडं पायात घालतात. गुडघ्याला आणखी जवळ पडतं, म्हणतात. दुखणं कमी झालंय का विचारलं, तर एकदा हो म्हणतात, एकदा नाही. डाव रोज चालू आहे आणि बहुतेक वेळा मित्रच जिंकतात.

परवा पुन्हा फोन आला. "आगं, पडदा निळा झालाय आन् टक्के मोजतोय. तीसवर अडलाय. काय करू?"

"काही करू नका आबा. हातच लावू नका."

"कवापातुर?"

"माहीत नाही," मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही फोन कानाला लावून वाट बघत बसलो.