सातवी चिठ्ठी

नावं सात ठरली होती आणि थैलीत मी सहाच चिठ्ठ्या टाकल्या. सातवी लिहिलीच नाही. याला मी बरीच वर्षं मनातल्या मनात चूक म्हणत आलो. पण चूक नकळत होते. मी तर शाळेच्या टेबलाशी बसून, सातवा कोरा तुकडा समोर असताना, पेनला टोपण लावून पेन खिशात ठेवलं होतं.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. केदारखेड्याच्या पलीकडे एका गावात प्राथमिक शिक्षक होतो आणि तिथल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा सचिव. वीस-बावीस घरं, दगडी भिंतींचं बुटकं प्रार्थनामंदिर. पाळक जालन्याहून महिन्यातून एका रविवारी एस.टी.नं येत, त्या दिवशी प्रभुभोजन होई, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि रस सगळ्यांत वाटला जाई. बाकीचे रविवार आणि बाकीचा सगळा कारभार मंडळीनं निवडलेल्या तीन पंचांकडे असे.

त्या पंचांत एक म्हातारे गवंडी होते. मंदिराच्या भिंती त्यांनीच रचलेल्या. अक्षरओळख नव्हती, पण ऐकून ऐकून अर्धं शास्त्र, म्हणजे बायबल, तोंडपाठ. दाराशी टांगलेला आगगाडीच्या रुळाचा तुकडा हातोडीनं वाजवून ते मंडळीला बोलवायचे. प्रभुभोजनाच्या दिवशी आजारी माणसांच्या वाट्याचे त्या भाकरीचे तुकडे स्वच्छ फडक्यात बांधून, मनुका उकळून काढलेल्या रसाची बाटली घेऊन घरोघर जायचे. कोणी मेलं की पहिल्यांदा तेच दारात. हे सगळं ते इतक्या वर्षांपासून करत होते की ते काम आहे असं कोणाला वाटतही नव्हतं.

मला मात्र त्यांच्यात एकच गोष्ट दिसायची. माणूस निरक्षर आहे आणि मंडळी माझ्याऐवजी त्याचं ऐकते.

त्या उन्हाळ्यात मी पंधरा दिवसांच्या एका शास्त्रवर्गाला जाऊन आलो. मंडळीची रचना आणि कामकाज शास्त्राच्या आधारानंच व्हावं, माणसांच्या सोयीनं नव्हे, असं तिथं शिकवलं गेलं. ते शिकवणं खोटं नव्हतं. आजही मी ते मानतो. खोटा होतो तो वहीत सगळं उतरवून घेणारा मी. परत आलो तो लाल रेघा मारलेलं शास्त्र काखेत घेऊन, आणि माझ्यासारख्याच चार अर्धवट शिकलेल्या तरुणांना गोळा करून सुधारणा करायला लागलो. आम्ही पाच जण मिळून त्या गरीब मंडळीची जी परीक्षा घेतली ती आठवली की आजही स्वतःची किळस येते.

पहिल्यांदा बाजाची पेटी बंद केली, कारण प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, काळात पेटी नव्हती. झांजा ठेवल्या, कारण स्तोत्रांत झांजा आहेत. पेटी वाजवणारा शेतमजूर होता. त्यानं शांतपणे विचारलं, "गुरुजी, प्रेषित सायकलीवर फिरून राह्यले व्हते का?"

"सायकल हा उपासनेचा भाग नाही," मी गंभीरपणे म्हणालो.

"मंग उपासनेला तरी पायी येत जा."

बायका पदराआड हसल्या. मी त्या आठवड्यात सायकल घरी ठेवून पायी गेलो, आणि आपण सत्यासाठी निंदा सोसतो आहोत असं वाटून मला फार बरं वाटलं. इतका मूर्ख माणूस मी होतो, आणि त्या मूर्खाच्या हातात मंडळीची कागदपत्रं होती.

मग पंचांच्या निवडीची वेळ आली. आजवर हात वर करून निवड व्हायची. मी वहीतून दाखवलं की रिकामी जागा भरायला प्रेषितांनी प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या होत्या. माणसानं हात वर करणं म्हणजे माणसाची इच्छा, चिठ्ठी म्हणजे देवाची. पाळक थकलेले होते, एस.टी.ची वेळ होत आली होती. ते म्हणाले, "करा तसं. पण नावं सगळ्या मंडळीनं ठरवा." मंडळीनं सात नावं ठरवली. गवंड्यांचं पहिलं. चिठ्ठ्या लिहिण्याचं काम सचिवाचं, म्हणजे माझं.

आता त्या सातव्या चिठ्ठीबद्दल. गवंड्यांचा एकुलता मुलगा जालन्यात सरकी काढण्याच्या कारखान्यात कामाला होता. त्यांच्या भावकीतली बरीच घरं छप्पन सालानंतर बौद्ध झालेली, आणि मुलगाही विचार करून त्यांच्यात गेला. बहात्तरच्या दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी त्याचं लग्न बौद्ध पद्धतीनं झालं. बाप लग्नाला गेला, पंगतीत बसून रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकर खाऊन आला. मी जाब विचारला तेव्हा म्हणाले, "लेकाच्या लग्नात जेवू न्हाई तर काय करू, गुरुजी? उपाशी बसलो असतो तर सून काय म्हणली असती?"

मंडळीचा कारभार पाहणाऱ्याची मुलं ख्रिस्तावर विश्वास ठेवणारी आणि त्याच्या ताब्यात असावीत, असं प्रेषिताच्या पत्रात आहे. त्या वाक्याखाली माझी लाल रेघ होती. हरकत घ्यायची तर ती सगळ्यांसमोर घ्यायला हवी होती. तेही शास्त्रातच सांगितलं आहे, साक्षीदारांदेखत. पण सगळ्यांसमोर घेतली असती तर मंडळीनं मला हसून गप्प केलं असतं. म्हणून मी टेबलाशी एकटा बसून निकाल दिला. निवड देवानं करावी म्हणून चिठ्ठ्या, आणि देवासमोर कोणती नावं जावीत ते मी ठरवणार. शास्त्राच्या नावानं शास्त्राची याहून मोठी टवाळी नास्तिकानंही केली नसती.

निवडीच्या रविवारी पाळकांनी प्रार्थना केली आणि दानाच्या मखमली थैलीत हात घालून तीन चिठ्ठ्या काढल्या. गवंड्यांचं नाव आलं नाही. उरलेल्या चिठ्ठ्या मी न उघडता चुलीत घातल्या. ज्या तिघांची नावं आली त्यात एकाची मुलं खरोखरच ताब्यात होती. तो त्यांना बैलाच्या चाबकानं मारायचा. शास्त्रातली अट पूर्ण झाली म्हणून मी समाधानी होतो.

उपासना संपल्यावर गवंड्यांनी मंदिराची किल्ली आणि रुळाची हातोडी माझ्याकडे आणून दिली. "प्रभूला जे बराबर वाटलं ते त्यानं केलं," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कोड्यात पडल्यासारखे दिसत होते.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाचं ताट त्यांच्यापाशी आलं तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. त्यानंतर प्रत्येक वेळी. भिंतीपाशी बसायचे ते दाराशी, चपलांजवळ बसायला लागले. माणसांनी टाकलं असतं तर ते भांडले असते, त्यांना भांडता यायचं. पण देवानं चिठ्ठी अडवली होती, म्हणजे आपल्या हातून नकळत एखादं पाप झालेलं आहे आणि ते सापडेपर्यंत भाकरीला शिवायचं नाही, असा त्यांनी निश्चय केला होता.

आणि ते पाप शोधायला ते माझ्याकडे यायचे. गावात त्यांना वाचून दाखवणारा मीच.

"सलाम, गुरुजी. सवड हाय का? पुढचं वाचा."

मी वाचायचो. जुन्या करारातली लेवीय, गणना ही नियमांची पुस्तकं, संदेष्ट्यांचे शाप. ते ओट्यावर मांडी घालून ऐकायचे, मध्येच थांबवायचे. "हे मी केलं न्हाई. हे बी न्हाई. थांबा, मोजमापात खोट म्हनले का? एका भिंतीत म्या चुना कमी टाकला व्हता, लई वर्षं झाली. त्याचं असंल का?" मी म्हणायचो, असेलही. मी असेलही म्हणायचो. समोरचा माणूस स्वतःचं आयुष्य एकेक दगड काढून तपासतोय आणि ज्याच्या खिशात त्याचं उत्तर आहे तो शिक्षक घसा खाकरून पुढचा अध्याय वाचतोय. अशी सहा वर्षं गेली.

त्या सहा वर्षांत आमच्या शास्त्रोक्त पंचांनी काय केलं तेही सांगतो. आजाऱ्यांना भाकर नेणं बंद पडलं, कारण तिघांपैकी कोणी जायचं यावर त्यांचं ठरेना. चाबूकवाल्याचा मोठा मुलगा घरातून पळून गेला, तरी अट मोडली असं कोणी म्हणालं नाही, मीही नाही. दुसऱ्याच्या पोराला लावलेलं वचन पंचाच्या पोराला लावायची आमच्यात छाती नव्हती. आमचे पाच सुधारकही पांगले. दोघांनी तर रविवारी यायचंच सोडलं. पेटी पुन्हा सुरू झाली, पण तोवर तिचा भाता उंदरांनी खाल्ला होता.

एका संध्याकाळी गवंडी आले ते नेहमीसारखे ओट्यावर न बसता उभेच राहिले.

"गुरुजी, सापडलं," ते म्हणाले. "आता वाचायची जरूर न्हाई."

"काय सापडलं, बाबा?"

"लेकाच्या लग्नात जेवलो, ते. दुसरं काई न्हाई. सगळं तपासून झालं, तेवढंच उरलं. परवा त्यो आल्ता, पोरगं झालंय त्याला, दोन महिन्यांचं. मला घेऊन जायला आल्ता. म्या सांगितलं त्याला, माझ्या दारात यिऊ नको. तुझं-माझं बिलकुल तुटलं."

"मग तो?"

"पिशवीत डिंकाचे लाडू व्हते, ते ओट्यावर ठेवून गेला. म्या कुत्र्याला घातले." मग त्यांनी विचारलं, "आता भाकर घिऊ ना, गुरुजी? यंदाच्या रविवारी?"

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायलाच हवं. पहिल्यांदा आलं, की हो म्हटलं तर सगळं मिटतं. म्हातारा भाकर घेईल, मी मोकळा. अगदी मीच ठरवलेलं कारण त्यांनी स्वतः शोधून आणलं होतं. त्यासाठी त्यांनी नातवाचं तोंड पाहिलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते, जसा शाळेतला पोर पाटी दाखवून बघतो, बरोबर आलं का म्हणून.

"बाबा," मी म्हणालो, "थैलीत तुमचं नाव नव्हतं."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. नावं सात होती, चिठ्ठ्या सहा. सातवी मी लिहिली नाही. देवानं तुम्हाला नाकारलं नाही, त्याच्यासमोर तुमचं नाव गेलंच नव्हतं.

ते खाली बसले. बराच वेळ ओट्याच्या दगडावरून हात फिरवत राहिले, गवंडी फिरवतात तसा, सांधा बघायला. मग विचारलं, "म्हंजे म्या लेकाला उगंच हाकलला?"

"हो."

"तुमी सा वर्षं माझ्यासमोर वाचून राह्यले. येवढं वाचलं. आन् हे सांगितलं न्हाई."

मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "इथं नको. इथं कोन हाय ऐकायला? थैली जिथं फिरली तिथं सांगा. आन् आधी जालन्याला जाऊन माझ्या लेकाला घिऊन या. त्याच्या म्होरं सांगा. तवर म्या भाकर घेत न्हाई."

मी गेलो. मुलगा कारखान्याच्या फाटकाशी भेटला. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गुरुजी, मी बौद्ध झालो तेव्हा तुम्ही म्हणत होता, मी बापाला सोडलं. बापाला कोणी सोडलं हो?" तरी तो आला, बायकोला आणि तान्ह्याला घेऊन. मंदिरात मागे, चपलांजवळ, बापाशेजारी बसला.

पाळकांनी मला उभं केलं. मी उपदेशासारखं काहीतरी लिहून आणलं होतं, त्यात तीन वचनं होती. कागद घडी करून खिशात ठेवला आणि त्या दोघांकडे तोंड करून बोललो.

"निवडीच्या दिवशी मी बाबांची चिठ्ठी लिहिली नाही. मला ते पंच नको होते, म्हणून वचनाचं निमित्त केलं. त्यांना देवानं टाकलं नाही, मी टाकलं. सहा वर्षं ते माझ्यासमोर आपलं पाप शोधत होते आणि ते पाप समोर बसून त्यांना वाचून दाखवत होतं. भाऊ, तुझ्या बापानं तुला दारातून परत पाठवलं ते माझ्यामुळे. बाबा, मी तुमचा अपराधी आहे. मला क्षमा करा, आणि केली नाहीत तरी माझं काही म्हणणं नाही."