उलटं घर आणि हातावरचं दही

नवरा गेल्यावर मला रडूच आलं नाही. भेटायला बायका डोळे पुसत यायच्या, माझ्याकडे बघून गप्प व्हायच्या. मी आपली चहा टाकायचे. सासूबाईही तशाच कोरड्या. मग पुण्याहून दिराचा फोन आला, "वहिनी, आईला आता आमच्याकडेच नेतो. रविवारी येतो." मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार?

शनिवारी सासूबाई म्हणाल्या, "जायच्या आधी ते उलटं घर दाखव मला."

नवरा रोज बोरिवलीहून पालघरच्या फॅक्टरीत गाडीने जायचा आणि रात्री जेवताना हायवेवरच्या गमती सांगायचा. एका धाब्यावर सिमेंटचा डायनासोर बसवलाय. कुणीतरी कौलं खाली आणि पाया वर असं उलटं घर बांधलंय, वर तिकीट लावलंय. "आई, तुला नेतो एकदा," हे ठरलेलं.

तो फॅक्टरीला, मी ऑफिसला निघालो की सासूबाई दोघांच्याही हातावर चमचाभर दही घालायच्या. बाहेर पडलेला माणूस सुखरूप परत यावा म्हणून. फॅक्टरीत त्याच्या छातीत कळ आली, त्या सकाळीही घातलं होतं. तेव्हापासून ते बंद. शनिवारी निघताना मी सवयीने हात पुढे केला. त्या चप्पल घालत राहिल्या.

घोडबंदरच्या ट्रॅफिकने वाट लावली. पुढे रस्ता मोकळा झाला. दोन्हीकडे डोंगर, पिवळं पडत चाललेलं गवत, स्वच्छ ऊन. छान आहे हे कळत होतं, बस तेवढंच. डायनासोरच्या शेपटीवर कुणीतरी बनियन वाळत घातलं होतं.

"जळ्ळं मेलं, हा होय तो!" सासूबाई म्हणाल्या. एरवी मी पोट धरून हसले असते.

उलट्या घरात पलंग, खुर्च्या, गॅसची शेगडी, कुकर, सगळं डोक्यावर, स्क्रूने घट्ट बसवलेलं. लोक फोटो काढत होते. सासूबाई शेगडीखाली मान वर करून उभ्या राहिल्या.

"कुकरला शिट्टीच नाही लावली मेल्यांनी," त्या म्हणाल्या. मग तशाच वर बघत, "काय गं, तू मला राहा म्हणणारेस की नाही?"

मला रागच आला. निदान तेवढं तरी आलं. "काय म्हणू? मला काही वाटतच नाही हो, आई. पार दगड झालाय माझा. तिकडे नातवंडं आहेत, तुमचं मन रमेल. इथे माझं तोंड बघत बसणार का?"

"मलाही काही वाटत नाही," त्या म्हणाल्या. "तिकडे सगळी मला धरून रडतील. मी पण रडावं म्हणून वाट बघतील. नाही जमणार मला."

"मग राहा ना."

त्या दाराकडे चालायला लागल्या. येताना गाडीत शेंगा खाल्ल्या, टरफलं पदरात गोळा केली. घरी त्यांची भरलेली बॅग दाराशी तशीच होती. मी पुन्हा विचारलं नाही. नाही म्हणाल्या असत्या तर?

रविवारी जेवणं झाली. दीर बॅग उचलायला वाकला, तेवढ्यात सासूबाई दह्याची वाटी घेऊन बाहेर आल्या.

"हात कर." त्यांनी त्याच्या तळव्यावर दही घातलं. त्याने चाटलं आणि चमच्यासाठी हात पुढे केला. "आण, तुझ्या हातावर मी घालतो."

"मी कुठे निघालेय?"

तो माझ्याकडे बघायला लागला. सासूबाईंनी वाटी माझ्या हातात दिली.

"उरलंय त्याचं विरजण लाव गं," त्या म्हणाल्या. "उद्या तुला ऑफिसला जायचंय."