तांदळात लिहिलेलं नाव

"अम्मा, तुमच्या यजमानांचं लग्न तर या बाईशी झालंय," खिडकीपलीकडच्या बाई माझ्या लग्नाच्या दाखल्यावर पेन टेकवून कन्नडमध्ये म्हणाल्या. "मग तुम्ही कोण?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशी तापटच. "ती बाई मीच! आणि मी पण मीच!" असं काहीतरी ओरडले. मागची रांग एकदम जागी झाली. नवरा शेजारी उभा होता. दोन बायका लपवून ठेवलेल्या माणसाकडे पाहावं तसं खिडकीतल्या बाई त्याच्याकडे पाहू लागल्या, आणि आमचं ध्यान खुलासा करायचं सोडून घाम पुसत राहिलं.

झालं होतं ते असं. मी जन्माने मॉरिशसची. आमची माणसं कधीकाळी कोकणातून बोटीने तिकडे ऊस तोडायला गेली आणि तिथलीच झाली. घरात तिथली क्रिओल भाषा बोलायचो, देवापुढे मराठी. लग्न करून बेंगळुरूला आले ती यशवंतपूरच्या एका घरात. या घरात मराठी शेकडो वर्षांपासून नांदते आहे, पण 'सरी', 'स्वल्प' अशा कन्नड शब्दांच्या मांडीला मांडी लावून. लग्नात रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं. ते सासूबाईंनी निवडलं होतं. नाव गोड होतं, मला गंमत वाटली, टाळ्या पिटल्या, पेढे वाटले.

माशी शिंकली ती पुढे. लग्नाच्या नोंदणीची धावपळ नवऱ्याच्या मामांनी अंगावर घेतली होती. "आता ही आमची सून, जुन्या नावाचं काय काम?" म्हणत त्यांनी ओळखीच्या माणसाकडे तांदळातलंच नाव लिहून दिलं, आणि त्याने माझा पासपोर्ट उघडूनही पाहिला नाही. व्हिसाचं काम इतकी वर्षं एका शपथपत्रावर निभावलं. नागरिकत्वाच्या अर्जाशी मात्र घोडं अडलं.

खिडकीतल्या बाई मनाने वाईट नव्हत्या. शांत झाल्यावर त्यांनी नीट समजावून सांगितलं. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर जे नाव येईल तेच पुढे पासपोर्टवर, मतदार ओळखपत्रावर, सगळीकडे. तेव्हा आधी एक काय ते ठरवा.

बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरच्या टायपिंगवाल्याने लगेच तोडगा काढला. "मॅडम, तुमच्या देशाच्या पासपोर्टवर लग्नाचं नाव करून घ्या. कटकट संपली." नवऱ्यालाही पटलं. "अगं, खरंच सोपं आहे. एवढ्याने काय बिघडतं?"

"मग तुझं बदलू या की," मी म्हटलं. "मी छानसं निवडते."

त्याने टायपिंगवाल्याचे पैसे चुकते केले आणि रिक्षाला हात केला.

मला या देशाची नागरिक व्हायचं होतं, अगदी मनापासून. पण माझ्या नावाने. ते नाव माझ्या बाबांच्या पणजीचं. तीच ती बोटीत बसून गेलेली. बाबा म्हणायचे, तिला परत यायचं होतं, जमलं नाही. तुला तिचं नाव दिलंय, बघ तुला जमतं का. बाबा आता नाहीत. मॉरिशसचं नागरिकत्व सोडावं लागणार होतंच. वर हेही सोडायचं? मग माझ्यातलं माझं काय उरलं?

तेव्हा लांबचा रस्ता धरला. शपथपत्र, वर्तमानपत्रात जाहिरात, लग्नाच्या दाखल्यात दुरुस्ती. हेलपाटे घालून चपला झिजल्या. शेवटी सांगितलं गेलं, घरी चौकशीला माणूस येईल, घरच्यांना विचारेल, आणि त्यांचं बोलणं कागदांशी जुळलं पाहिजे.

इथेच खरी गोम होती. घरात तांदळातल्या नावाने मला हाक मारणाऱ्या एकट्या सासूबाई. लग्नापासून दुसरं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. त्यात वर्तमानपत्रातली जाहिरात त्यांनी वाचली आणि चष्मा काढून ठेवला. "देवासमोर लिहिलेलं नाव पुसायला निघालीस?"

"पुसत नाही हो, आई."

"सरी," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांचं 'सरी' म्हणजे ठीक आहे असं नसतं, म्हणजे आता बोलू नकोस. घरात अबोला सुरू झाला. मीही काही गरीब गाय नव्हे, भांडी जरा जोरातच आपटत होते.

अशात एका सकाळी पोलीस आला. सोफ्यावर बसला, फाइल उघडली, आणि सासूबाईंना पहिलाच प्रश्न, "तुमच्या सुनेचं नाव काय?"

मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. संपलं, म्हटलं मनात. आता या तेच नाव सांगणार आणि इतक्या दिवसांच्या कष्टांवर पाणी पडणार. मग त्यांनी हाक मारली. त्याला उत्तर दिलंच नाही, सरळ मला हाक मारली, बाहेरच्या भाजीच्या गाडीपर्यंत जाईल अशी. माझ्या नावाने. बाबांनी ठेवलेल्या.

"...अगं, चहा आण, साहेब थांबलेत!"

मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा निम्मा चहा बश्यांत होता.

"मग हे दुसरं नाव?" त्याने विचारलं.

"ते आम्ही ठेवलेलं, लाडाचं," सासूबाई म्हणाल्या. "लाडाचं नाव सरकारला कशाला?"

तो हसला, लिहून घेतलं, चहा पिऊन गेला. मी कप विसळायला घेतले तेव्हा सासूबाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. "मलाही एक होतं. माहेरचं. इथे आले त्या दिवशी तांदळात बुडालं. अम्मा-अण्णा गेले, भाऊ गेला. आता त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. तुझं तसं नको." एवढं बोलून तुळशीला पाणी घालायला गेल्या. मी नळ चालू ठेवून पोटभर रडले.

मग कागद हलले. दिल्लीहून पत्र आलं, मी जुनं नागरिकत्व सोडलं, आणि मधल्या काळात मी कुठलीच नव्हते. "आता पळून कुठे जाशील?" नवरा चिडवायचा. शपथ इतक्या मोठ्याने वाचली की अधिकारी म्हणाले, "सावकाश, अम्मा, आम्ही इथेच आहोत." प्रमाणपत्र हातात ठेवलं ते खिडकीतल्या त्याच बाईंनी. नाव मोठ्याने वाचलं आणि हसल्या. "आता कळलं तुम्ही कोण ते!"

जिंकले! पणजीबाई, आलात हो परत! रिक्षात बसून मी हे खरोखरच मोठ्याने म्हटलं, रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

घरी सासूबाईंनी औक्षण केलं, आणि समोर ताट ठेवलं. तांदूळ पसरलेलं. बोटातली अंगठी काढून माझ्या हातात दिली. "आता तुझं तू लिही."

लिहिलं. सगळ्यांनी पाहिलं. मग मी तांदूळ हाताने सारखे केले, ताट त्यांच्याकडे सरकवलं आणि अंगठी परत दिली. "आता तुमचं. माहेरचं."

"चल, वेडी कुठली! या वयात?"

पण बसल्या. शाळा कन्नडमधून झालेली, तेव्हा कन्नड अक्षरांत, सावकाश लिहीत गेल्या. नवरा वाकून बघत होता. आईचं ते नाव त्यालाही ठाऊक नव्हतं. सासूला नावाने हाक मारायची नसते, एवढं मलाही कळतं. तरी मी ते वाचलं आणि खणखणीत आवाजात हाक मारली.

सासूबाईंनी मान वर केली.

"ओ," म्हणाल्या.