पैसे न घेणारी मावशी

दार उघडायला नको तितका वेळ लागला. आतून मुलांचे आवाज येत होते, ते एकदम बंद झाले. मग कुणीतरी पावलं न वाजवता पॅसेजमध्ये आलं आणि दाराच्या भिंगातून बघत उभं राहिलं. मी ओळखपत्र भिंगासमोर धरलं. अशी दारं मी खूप पाहिली आहेत. बेल वाजल्यावर मुलांना गप्प करणाऱ्या घरात सहसा मुलं सांगितल्यापेक्षा जास्त निघतात.

दार उघडलं ते पस्तिशीच्या आसपासच्या एका बाईने. माझं आडनाव वाचून तिचा चेहरा जरा सैल झाला.

"तुम्ही मराठी?"

"हो. पण आज कामावर आलेय."

तो चेहरा परत आवळला. ही प्राजक्ता. "या ना," म्हणाली, पण दारातून बाजूला व्हायला तिला अजून एक क्षण लागला.

माझं काम आधी सांगते. मी इंग्लंडमध्ये चाइल्डमाइंडर्सची तपासणी करते. चाइल्डमाइंडर म्हणजे स्वतःच्या घरी, पैसे घेऊन दुसऱ्यांची मुलं सांभाळणारी व्यक्ती. आठ वर्षांखालचं मूल, दिवसाला दोन तासांहून जास्त वेळ, आणि मोबदला, एवढं जुळलं की रजिस्ट्रेशन लागतं. मग पोलिसांकडून चौकशी होते, फर्स्ट एडचा कोर्स करावा लागतो, तब्येतीबद्दल लिहून द्यावं लागतं, आणि अधूनमधून माझ्यासारखी कुणीतरी घरी येऊन बसते. मैत्रिणीचं मूल फुकट सांभाळलं तर यातलं काहीच लागत नाही. बदल्यात तिने तुमचं मूल सांभाळलं तरी तो मोबदला धरत नाहीत. खरोखरच फुकट आहे की नाही, हे शोधायला मला पाठवतात. "वी आर जस्ट फ्रेंड्स" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की ते ऐकलं की मी आधी खुर्ची ओढून बसते.

मेडनहेडच्या या घराबद्दल निनावी फोन आला होता. एक बाई रोज दुसऱ्याचं मूल घरी ठेवते, रजिस्टर्ड नाही, एवढीच तक्रार. माझी मॅनेजर हेलन म्हणाली होती, "फोन करणारीही बाईच होती. म्हणाली, घर नका बघू, तिला नीट बघा. विचित्र वाटलं मला."

"शेजारीण असेल," मी म्हटलं होतं. "पार्किंगवरून भांडण असेल."

आत मुलं दोनच होती. प्राजक्ताचा मुलगा निहार आणि तिच्या मैत्रिणीची मुलगी इरा. दोघंही नर्सरीच्या वयाची, दुपारच्या नर्सरीला जाणारी. घर स्वच्छ. जिन्याला गेट, औषधं उंचावर, केटलची वायर आत सरकवलेली. रजिस्टर्ड लोकांच्या घरीही इतकं नीट नसतं. एखाद्या घरात खोट काढायला काहीच नसलं, की माझा संशय वाढतो.

मी विचारायला सुरुवात केली. तिची उत्तरं तयार होती. इराची आई अश्विनी हॉस्पिटलमध्ये रेडिओग्राफर, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन काढणारी. तिची शिफ्ट पहाटे सुरू होते. म्हणून सकाळी इरा इकडे. प्राजक्ता स्वतः संध्याकाळी फार्मसीत काम करते, तेव्हा निहार तिकडे. पैशांचा संबंध नाही.

"तुमचे मिस्टर?"

"मिलिंद एडिनबराला असतो. प्रोजेक्ट आहे. शुक्रवारी रात्री येतो."

"म्हणजे आठवडाभर घरात तुम्ही एकट्याच मोठ्या?"

"हो."

इरा माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती. मराठी बोलणारी पाहुणी बघून तिला हुरूप आला असावा. ती म्हणाली, "तो किचनमध्ये झोपला होता."

मी पेन खाली ठेवलं. "कोण झोपला होता?"

प्राजक्ता पटकन म्हणाली, "टेडी. काहीही बोलत असतात. इरा, गो अँड प्ले."

इतक्या पटकन कुणी टेडीची बाजू घेत नाही. माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं. घरात कुणीतरी पुरुष येतो. नवरा नसताना येतो, मुलं असताना येतो, आणि मुलांना सांगून ठेवलंय की बोलायचं नाही. निनावी फोन त्याबद्दलच असणार. मी प्राजक्ताला म्हटलं, "मी थोडा वेळ मुलांबरोबर बसले तर चालेल?"

ती नाही म्हणू शकली असती. खासगी घर होतं, मी तिच्या परवानगीनेच आत आले होते. ती "बसा" म्हणाली आणि चहा टाकायला वळली.

मुलांनी आधी ठोकळे काढले, मग टाकून दिले. मग इरा म्हणाली, "लेट्स प्ले मावशी."

ती गालिच्यावर उभी राहिली, डोळे एका जागी लावले आणि सरळ आडवी झाली. हातपाय ताठ केले. निहारने सोफ्यावरची उशी ओढली आणि तिच्या डोक्याखाली सरकवली. मग तो उकिडवा बसून मला सांगायला लागला, शहाण्या मुलाच्या आवाजात, "डोंट टच. वेट करायचं. आता उठेल."

इराचे हात थरथरायला लागले. ती खेळत होती. निहार शांतपणे थांबला. मग ती उठून बसली आणि दोघं हसली.

"आता माझी टर्न," निहार म्हणाला. "मी मावशी."

"यू कान्ट बी मावशी, ती तुझी मम्मा आहे," इरा म्हणाली.

मला तेव्हा कळलं की किचनमध्ये कुणी पुरुष झोपलेला नव्हता. इथे जन्मलेली मुलं मराठी बोलतात, पण 'झोपला' आणि 'झोपली' यांच्यात त्यांचा गोंधळ होतो. चहाचे कप घेऊन प्राजक्ता दारात उभी होती. तिने शेवटचं सगळं पाहिलं होतं.

"स्लीपिंग प्रिन्सेस खेळतात," ती म्हणाली. कप ठेवताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी बाहेर पडले तेव्हा ड्राइव्हवेवर तिची गाडी होती. मागच्या सीटवर लहान मुलांच्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी बांधलेल्या होत्या.

अश्विनीचं म्हणणं घ्यायचं राहिलं होतं. त्याच दिवशी तिच्या ब्रेकमध्ये हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये भेटलो. तिनेही तेच सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत. मैत्री, एकमेकींना मदत, पैसे नाहीत. दोघींचं फोनवर बोलणं झालेलं दिसत होतं. त्यात गैर काही नाही, पण मला ते टोचत होतं.

मी नेहमीचं वाक्य बोलले. "मग रजिस्ट्रेशनची गरज नाही. आमच्या बाजूने केस इथे संपते."

हे ऐकलं की लोक मोकळा श्वास सोडतात. काही रडतात, एका बाईने मला मिठी मारली होती. अश्विनीचा चेहरा पडला.

"संपते म्हणजे? तुम्ही परत जाणार नाही?"

"कायद्याने कारण नाही."

"पण तुम्ही तिला भेटलात ना? तिला नीट बघितलंत?"

घर नका बघू, तिला नीट बघा. निनावी फोन का होता, ते मला आत्ता समजलं. मी ते बोलले नाही. तक्रार करणाऱ्याचं नाव मी विचारत नाही आणि सांगत नाही.

"मी काय बघायला हवं होतं, असं तुम्हाला वाटतं?" मी विचारलं.

तिने सँडविचचं वेष्टण दुमडलं. मग म्हणाली, "इरा घरी एक खेळ खेळते."

"मी पाहिला तो."

तिचे डोळे भरून आले. "मी आडून आडून विचारलं प्राजक्ताला. बरं नाहीये का, थकलीयेस का. ती म्हणते मस्त आहे. अजून काय विचारू? माझी मुलगी पहिल्यापासून तिच्याकडे आहे. खाऊपिऊ घालते, झोपवते, एक पैसा घेत नाही. कुठल्या तोंडाने विचारू, की तुला फिट येते का, आणि माझ्या मुलीला गाडीत घालून नेतेस का? पैसे देत असते ना, तर पहिल्या दिवशी विचारलं असतं. नसतं पटलं तर दुसरीकडे ठेवलं असतं."

"तरी तुम्ही पाठवताय."

हे मी बोलायला नको होतं. ती म्हणाली, "रजा टाकली होती. संपली ती. आणि पाठवलं नाही तर तिला कारण काय सांगू?"

मी गाडीत बसून हेलनला फोन लावला.

"मोबदला आहे?" तिने विचारलं.

"नाही."

"मग एक्झेम्प्ट, नियम लागू नाही. क्लोज इट."

"हेलन, त्या बाईला बहुतेक फिट्स येतात. घरात दुसरं मोठं कुणी नाही. ती रोज दोन मुलांना घेऊन गाडी चालवते."

"मग ते आपलं नाही, कौन्सिलच्या सोशल केअरचं आहे. रेफरल कर. आणि तिला आधी सांग. मागून कळलं तर दार कायमचं बंद होईल."

रेफरल म्हणजे मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या कौन्सिलच्या विभागाला कळवणं. साधा शब्द आहे. पण आपल्या लोकांत 'सोशल सर्व्हिसेस' म्हटलं की मुलं उचलून नेतात, एवढंच डोक्यात येतं.

मी परत गेले तेव्हा प्राजक्ता मुलांना गाडीत बसवत होती. निहारचा पट्टा लावून झाला होता.

"पुन्हा?" ती म्हणाली.

"प्राजक्ता, गाडी काढू नका."

"तुम्ही कोण मला सांगणार? मी पैसे घेत नाही. रजिस्टर्ड नाही. अश्विनीला भेटून सांगितलंत ना तुम्ही, केस संपली म्हणून?"

तिचं बरोबर होतं. त्या ड्राइव्हवेवर माझा काडीचाही अधिकार नव्हता. मी सरकारी माणूस म्हणून तिथे उभी नव्हतेच, आणि हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

"मुलं तुमच्या डोक्याखाली उशी ठेवतात," मी म्हटलं. "इतकी सवय झालीये त्यांना. गाडीत कोण ठेवणार?"

ती मला काहीतरी जोरात बोलणार होती. मग ती ड्राइव्हवेच्या बुटक्या भिंतीवर बसली, किल्ली मुठीत घट्ट धरून.

"मला माहितीये काय आहे ते," ती खालच्या आवाजात म्हणाली. "फार्मसीत फिटच्या गोळ्या माझ्याच हातून जातात. जीपीकडे गेले, डॉक्टरने लिहिलं की लायसन्स गेलं. निदान वर्षभर. नर्सरी, काम, सगळं कसं करू? मिलिंद प्रोजेक्ट सोडून येईल, त्याची नोकरी जाईल."

"त्याला माहीत आहे?"

तिने मान हलवली. नाही.

गाडीतून इरा ओरडली, "मावशी, वी आर लेट!"

आम्ही मुलांना उतरवलं आणि नर्सरीपर्यंत चालत गेलो, एक मूल तिच्या हाताला, एक माझ्या. वाटेत मी तिला सांगितलं की मी आज कौन्सिलला कळवणार आहे, काय कळवणार आहे, आणि त्याआधी तिने जीपीला फोन केलेला असेल तर तेही मी लिहीन. "मुलं नेणार नाहीत," मी म्हटलं. "तुम्ही लपवत राहिलात तर मात्र मला खात्री देता येणार नाही."

"मराठी नाव बघून दार उघडलं मी," ती म्हणाली.

नर्सरीच्या फाटकातून परत फिरताना तिने जीपीला फोन लावला. तो होल्डवर असताना मला विचारलं, "फोन कुणी केला होता? शेजारच्या मिस्टर डग्लसने?"

"ते मी सांगू शकत नाही."

"तोच असणार. सारखा खिडकीत असतो."

पुढचं मला तुकड्यातुकड्याने कळलं. तपासण्या झाल्या, एपिलेप्सी निघाली, गोळ्या सुरू झाल्या. लायसन्स परत द्यावं लागलं. कौन्सिलची सोशल वर्कर घरी आली, मिलिंदशी बोलली आणि फाइल बंद करून गेली. तो महिनाअखेरीस परतला. नोकरी गेली नाही, पगार कमी झाला. इरा आता रजिस्टर्ड चाइल्डमाइंडरकडे जाते. अश्विनी पहिल्याच दिवशी प्रश्नांची यादी घेऊन गेली, आणि त्या बाईने एकाही प्रश्नाचं वाईट वाटून घेतलं नाही.

काही महिन्यांनी प्राजक्ताचा मला ऑफिसमध्ये फोन आला.

"मी मिस्टर डग्लसशी बोलणं टाकलं होतं," ती म्हणाली. "ख्रिसमसला त्यांनी केक आणून दिला तर मी दारातून परत पाठवला. अश्विनीला बघवलं नाही ते. तिने सांगून टाकलं, फोन तिचा होता."

मी ऑफिसचं दार लोटून घेतलं.

"तुम्ही काही बोलू नका, तुमचे रूल्स असतील. मी फक्त सांगायला फोन केला. तिने तोंडावर विचारलं असतं तर मी भांडले असते, खूप भांडले असते. पण ते बरं झालं असतं. आता ती मला हॉस्पिटलला गाडीने नेते, मी थँक यू म्हणते. आम्ही पूर्वी एकमेकींना थँक यू म्हणत नव्हतो."

"आणि मिस्टर डग्लस?"

"मी केक करून नेला. त्यांना कळलंच नाही का आणला ते."

फोन ठेवल्यावर मी ती केस पुन्हा उघडून पाहिली. निकालाच्या रकान्यात माझ्याच हाताने टाईप केलेलं होतं: मोबदला नाही, नियम लागू नाही, पुढील कारवाई नाही. कायद्याच्या दृष्टीने शब्द न् शब्द बरोबर होता.

मैत्रिणीकडे मूल ठेवायला माझी हरकत नाही. या देशात नाहीतर नोकऱ्या कशा करायच्या? पण आता कुणी आई मला सल्ला विचारते, तेव्हा मी एवढंच सांगते की सुरुवात करण्याआधी एकमेकींना एक अवघड प्रश्न विचारून घ्या, तब्येतीचा असो, गाडीचा असो, नाहीतर घरात कोण येतं-जातं त्याचा. पहिल्या दिवशी त्याला चौकशी म्हणतात. नंतर विचारायचा झाला तर निनावी फोन करावा लागतो.