कापलेला कर

सापगावच्या बाईजाला वर्षातून एकच टपाल यायचं, तेही मुंबईच्या एका फंडाकडून. लोकांचे पैसे गोळा करून हा फंड गिरण्यांत गुंतवी नि नफा वाटी. तिचा नवरा राघो त्यांच्या कचेरीत शिपाई होता. पगारातून साठवून त्यानं बाईजाच्या नावानं शेअर घेतले. अडतीस साली नोकरी सोडून तो गेला तो गेलाच. ना चिठ्ठी, ना निरोप. मूलबाळ नव्हतं, बाईजा एकटी उरली.

टपाल वाचून घ्यायला ती शहापूरला माझ्याकडे शाळेत यायची. मी मास्तर, त्यात नसत्या उठाठेवींची हौस! वाटलेल्या नफ्यातून प्राप्तिकर आधीच कापलेला दिसला नि माझं डोकं फिरलं. वर्षाला शंभर रुपये न बघणाऱ्या बाईनं कर कसला भरायचा? असा कर अर्ज केला की परत मिळतो. बेचाळीसच्या उन्हाळ्यात तिच्या घराची मागची भिंत कोसळली, तेव्हा मी हट्टानं तिला ठाण्याच्या कचेरीत नेलं. मागचा कर परत आला असता तर भिंत उभी राहिली असती.

कारकुनानं विचारलं, शेअरचे पैसे कोणी दिले? बाईजानं खरं ते सांगितलं. झालं, सगळं मुसळ केरात! नवऱ्यानं फुकट बायकोच्या नावावर केलेल्या शेअरचं उत्पन्न कायदा नवऱ्याचंच धरतो. म्हणजे अर्ज राघोनं करायचा. तो वारला असेल, तरच बाईला मागता येईल.

बाहेर पायरीवर बसून मी हळूच म्हटलं, वारला असं लिहून देऊ. चार वर्षं पत्ता नसलेल्या माणसाची चौकशी कोण करतो? बोललो नि माझी मलाच लाज वाटली. बाईजा रागावली नाही. तिच्या घरी चार-चार दिवस कुणी फिरकत नाही, बोलायला माणूस नसतो, असं ती सांगत राहिली. सासरच्यांनी तर तिला लग्नकार्याला बोलावणंही सोडलं होतं.

मग ती म्हणाली, "मास्तर, गावात त्याचं नाव माज्यासंगं कोन घेत नाय. आज त्या कचेरीतल्या मानसानं घेतलं. सरकार मला अजून त्याची बायको धरतं ना?"

"धरतं."

"मंग कापू द्या त्यांना."