तान कमी आहे : जुन्या हॅचबॅकमधून वसई ते जव्हार

प्रवासवर्णनाला आरंभ करण्यापूर्वी एक गंभीर तक्रार नोंदवणं मी माझं कर्तव्य समजतो. आमच्या गाडीच्या ग्लोव्हबॉक्सचं झाकण बंद राहत नाही. इंजिन पूर्ण उतरवून पुन्हा बांधलं, दोन कार्बोरेटर चढवले, सायलेन्सरला जाड पाइप आला, चारही स्प्रिंगा आखूड झाल्या, लाल रंग तर असा दिलाय की वाडीतल्या केळी त्यात स्वतःला न्याहाळतात. आणि दीड बोटाचा एक प्लास्टिकचा खटका मात्र आम्हाला वश होत नाही. दर खड्ड्याला ते झाकण उघडतं आणि डावीकडे बसलेल्याच्या गुडघ्यांवर आपटतं. डावीकडे मी बसतो. वसईतल्या खड्ड्यांबद्दल वेगळं लिहीत नाही. माझ्या गुडघ्यांना ते पाठ आहेत.

गाडी म्हणजे नव्वदच्या दशकातली एक छोटी हॅचबॅक. करोनाच्या आधी ती भंगाराच्या भावात आली तेव्हा डिकीत उंदरांचं गोकुळ नांदत होतं. तेव्हापासून दर रविवारी मी आणि माझा मेहुणा हरेश तिच्याखाली आडवे असतो. हरेशचा सातिवलीला गाळा आहे. तिथे प्रेस मशीनवर पत्र्याची झाकणं निघतात, दिवसभर, धाडधाड. जगाला झाकणं पुरवणाऱ्या माणसाच्या गाडीचं एक झाकण लागू नये, हे मी त्याला दर रविवारी आठवणीने ऐकवतो. गाड्या हा त्याचा धंदा नव्हे. तो त्याचा अभिमान.

"भावोजी, मीटर-बिटर तुमच्या शाळेत ठेवा. आपला कान हाच मीटर," असं तो म्हणतो, आणि लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला नि दुसरं कानाला लावून डोळे मिटतो. मी माणिकपूरला शाळेत संस्कृत शिकवतो. गाडीच्या कामात माझं खातं टॉर्च धरण्याचं.

या दिवाळीनंतर आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे हरेशच्या थोरल्या बहिणीने, सुनंदाने, निर्णय दिला. तिला वाडीतली शेड सोनचाफ्याच्या कलमांसाठी हवी आहे आणि शेडमध्ये गाडी आहे.

"जव्हारला जाऊन या. स्वतःच्या चाकांवर गेली आणि स्वतःच्या चाकांवर आली, तर राहू द्या तिला. टोचन लावून ओढायची वेळ आली, तर तिथूनच विकायची. आनि मी पन येनार. तुमच्या दोघांच्या सांगन्यावर माझा विश्वास नाय."

खाडीकाठच्या त्यांच्या गावात 'ण' हे अक्षर फारसं वापरात नाही. लग्नानंतर सुनंदाने ते माझ्याकडून घेतलं. पण रागावली की तिचा ण माहेरी जातो. हरेशने तर तो कधी घेतलाच नाही. वाचकांनी हे ध्यानात ठेवावं, कारण पुढचा सगळा घोटाळा या एका अक्षराचा आहे.

रविवारी उजाडताना निघायचं ठरलं. गाडी सुरू होताच बॉनेटखालून एक बारीक, उंच स्वर लागला. क्विंऽऽऽ. आदल्या रविवारीही तो होता, जरा जास्तच. हरेशने इंजिन बंद केलं, बॉनेट उघडून आत हात घातला, फॅनबेल्टवर अंगठा दाबला आणि म्हणाला, "भावोजी, तान कमी आहे."

मला हा विनोद फार आवडला. बेल्टच्या किंचाळण्याला तान म्हणणं! मेहुण्यात रसिकता आहे, असं मनाशी म्हटलं.

"कमी आहे ना? मग छान झालं की."

"छान काय? पाना काढू?"

"राहू दे रे. कमी आहे तर वाटेत अजून कमी होईल."

हरेशने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. पण शिकलेला माणूस बोलतोय म्हणजे काहीतरी असेल, असं त्याला वाटलं असावं. माझ्याबद्दल घरात हा गैरसमज अजून टिकून आहे.

हायवेला लागेपर्यंत गुडघ्यांचा पहिला अध्याय झाला. मग सुनंदाने झाकणाच्या फटीत घडी केलेला रुमाल कोंबला आणि शांतता आली, तान सोडून. ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी: रविवारी पहाटे निघालात तर ट्रक कमी लागतात. फास्टॅग भरून ठेवा. मनोरला हायवे सोडून उजवीकडे विक्रमगडचा रस्ता धरायचा, आणि पेट्रोल त्याआधीच भरून घ्यायचं. आमच्या गाडीला दोन कार्बोरेटर म्हणजे दोन तोंडं. ॲव्हरेज विचारू नका. पण मोकळ्या रस्त्यावर हरेशने तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला तेव्हा ती जी उसळली, त्याने माझी पाठ सीटला चिकटली आणि मागून सुनंदाने माहेरच्या बोलीत काहीतरी म्हटलं, जे इथे लिहिता येणार नाही.

मनोरच्या अलीकडे मिसळ खाल्ली. तिघांचं चहासकट तीनशेच्या आत आटपलं, तर्री मागाल तेवढी. निघताना हॉटेलवाला दारापर्यंत आला.

"शेठ, गाडीत पोपट ठेवलाय का?"

"कसला पोपट?" हरेशने विचारलं.

"अहो, ओरडतोय ना आत!"

हरेशने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने तर्रीतून काही घेतलं असावं. मी हसत सुटलो. चेहरा न हलवता विनोद करणारी माणसं दुर्मीळ, आणि आमच्या घरात एक निघाला, म्हणून.

विक्रमगड सोडलं की रस्ता चढू लागतो. साग, पळस, मध्येच नाचणीची कापलेली शेतं. वळणं गाडीला फारच मानवली. आखूड स्प्रिंगा, रुंद टायर. हरेश स्टिअरिंग नुसतं बोटांनी वळवत होता. मागे एक टेम्पो केव्हापासून हॉर्न मारत होता. "अरे, साइड दे त्याला," सुनंदा म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली. मग त्याच्या खांद्यावर चापट मारली, तेव्हा त्याने साइड दिली.

पुढच्या चढावर तान तारसप्तकात गेली. बॅटरीचा लाल दिवा लागला. टेम्परेचरचा काटा चढता चढता लाल पट्टीला टेकला.

"थांबव, थांबव!" मी ओरडलो.

एका पळसाखाली गाडी लागली. बॉनेटखालून वाफ येत होती. सुनंदा रस्त्याच्या कडेला दगडावर बसली आणि दोनच शब्द बोलली, "टोचन बोलवा."

हरेशने बेल्टवर बोट टेकवलं, चटका बसून मागे घेतलं आणि माझ्यावर उखडला. "सकाळी बोल्लो नव्हतो तुमाला? बेल्टला तान कमी आहे! ढिला आहे! सरकतोय, पंप फिरत नाय, पानी फिरत नाय!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताण. त्याने सकाळी ताण म्हटलं होतं. त्याच्या बोलीत.

"अरे, मला वाटलं तान. गाण्यातली. आवाज कमी झालाय, असं म्हणतोयस."

"तान म्हंजे तान! दोन-दोन कुठून आनल्या?"

खरं तर तो बरोबर होता. संस्कृतातल्या ज्या धातूवरून आठव्या गणाला नाव मिळालं, त्या ताणण्याच्या तन् धातूतूनच दोन्ही शब्द आले, आणि मुळात तिथे न आहे. ण आपण नंतर आणला. हे मी त्याला घाटात, वाफेच्या साक्षीने, सोदाहरण समजावू लागलो. सुनंदा म्हणाली, "अहो, तुमचा धातू राहू द्या, आधी तो बेल्ट बघा."

"पन आवाज कसला?" हरेशने मध्येच विचारलं.

"कसला म्हणजे? सकाळपासून बेल्ट किंचाळतोय."

"उगाच मस्करी नका करू."

"हरेश," सुनंदा उठून जवळ आली, "मनोरपासून सगळा तालुका वळून बघतोय आपल्याकडे. तुला ऐकू नाय आला?"

तो गाडीच्या मागे गेला. डिकीतून पाना आणि पहार काढली. इंजिन निवेपर्यंत आम्ही संत्री खाल्ली. तो न खाता उभा होता. मग त्याने अल्टरनेटरचा बोल्ट सैल केला, पहारीने रेटून बेल्ट ताणला, मी टॉर्च नसल्यामुळे नुसताच उभा राहिलो, त्याने बोल्ट आवळला, पाणी भरलं. सुनंदाने आत बसून चावी फिरवली.

तान गेली होती. नुसतं इंजिन, गोल, भरदार. आणि हरेश इंजिनाकडे बघत नव्हता. तो आमच्या तोंडांकडे बघत होता. सुनंदाने मान हलवली, तेव्हा त्याने बॉनेट लावलं.

जव्हारबद्दल काय सांगू? जावं असं गाव आहे. हनुमान पॉइंटवरून खाली दरी आणि पलीकडे डोंगरांच्या घड्या दिसतात. राजवाड्याजवळ झाडांची गर्द सावली आहे. जेवायला नाचणीची भाकरी, उडदाचं बेसन, ठेचा मिळाला. आवारातली चार पोरं गाडीभोवती जमून "काका, किती पळते?" विचारत होती. एरवी हरेशने त्यांना तासभर कॅमशाफ्ट समजावला असता. त्यांनी दोनदा विचारलं. त्याने हसून मान हलवली.

परतीला गाडी मी चालवली. घाट उतरताना सुनंदा मागून सोनचाफ्याच्या कलमांबद्दल बोलत होती: कुठे ठेवायची, उन्हाला जाळी कुठून आणायची. वसईत शिरताना म्हणाली, "टोचन लागलं नाय. शेड तुमची. कलमं मी गच्चीवर नेईन." ही आमची जीत. हरेश शेजारच्या सीटवर बाहेर बघत होता. मी त्याच्या मांडीवर थाप मारली, तेव्हा तो वळला, आणि मी सुनंदाचं वाक्य पुन्हा सांगितलं. मग तो हसला.

गाडीत अजून एक काम बाकी आहे. इग्निशनचं टायमिंग थोडं पुढे घ्यायचं, म्हणजे चढावर अजून जोर येईल. त्यासाठी गाडी चढावर दाबायची आणि इंजिन आतून खडखडतं का ते ऐकायचं. खडखड सुटली तर पिस्टन जातात. हे काम हरेश येत्या रविवारी करणार आहे, कानाने. ती खडखड टिपणारं, मोबाइलला जोडायचं एक यंत्र बाजारात मिळतं, ते आणू का, असं मी सहज विचारलं. "कशाला?" म्हणाला.

पिस्टनची मला फारशी काळजी नाही. ते नवे मिळतात. काळजी त्याची आहे. वर्षानुवर्षं तो त्या प्रेस मशीनशेजारी कान उघडे ठेवून उभा राहतोय. त्याला ऐकू येत नाहीये, ते त्याला आमच्या आधीपासून माहीत आहे, आणि तो कुणाला सांगत नाहीये. कानाच्या डॉक्टरकडे चल, एवढंच मला त्याला म्हणायचं आहे. तो "काय?" म्हणेल आणि मला ते मोठ्याने पुन्हा म्हणावं लागेल, याचीच मला भीती वाटते.